इतिहासाचं दीड पान

पॅसिफिक महासागरातल्या पोनपै राज्याची ओळख करून देणारी चोवीस पानांची पुस्तिका लिहायचं काम शिक्षण खात्याने रोझेंडाच्या गळ्यात घातलं, त्याला कारण एकच. साहेबांनी 'कोण लिहिणार?' असं विचारलं तेव्हा बाकीच्या मास्तरांनी वेळेवर माना खाली घातल्या आणि हिची वर राहिली. सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिची अशी फसगत बऱ्याचदा झाली होती.

पण एकदा अंगावर पडल्यावर तिला ते काम आवडलं. आठवीची मुलं अमेरिकेहून आलेल्या पुस्तकातून भूगोल शिकत. त्यात कुठल्या कुठल्या मक्याच्या शेतांवर साडेतीन पानं होती आणि मुलांचं स्वतःचं बेट म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. तो ठिपकाही छपाईचा डाग असावा अशी शंका यायची.

पुस्तिकेचे चार भाग ठरले होते: जमीन, पोटापाणी, माणसं आणि इतिहास. जमिनीचा भाग तिने दोन दुपारांत उरकला. मधे डोंगर, उतारावर नीरफणस आणि नारळ, किनाऱ्याला वाळू नाहीच, चिखलात पाय रोवलेलं कांदळवन, त्यापुढे उथळ पाणी आणि त्यापुढे प्रवाळाची भिंत. दूरदूरची सपाट छोटी बेटंही आपल्याच राज्यात मोडतात, हे मुलं हमखास विसरतात म्हणून तिने दोनदा लिहिलं. पावसावर मात्र एकच वाक्य होतं: 'पाऊस पडतो.' याहून जास्त काय लिहायचं ते तिला सुचेना.

पोटापाण्याच्या भागात गाडी अडली. खात्याचा वेल्सिन नावाचा तरुण अधिकारी छापील तक्ता घेऊन राजधानी कोलोनियाहून आला आणि शाळेच्या व्हरांड्यात बसून त्याने एकेका रकान्यावर पेन्सिल ठेवली.

"मासळी लिहिलीत. मिरी लिहिलीत. सरकारी नोकऱ्या, अमेरिकेची मदत, सगळं आलं. कोनफळाचा रकाना रिकामा आहे, बाई."

"रिकामाच राहणार."

"असं कसं? तक्त्यात रिकामी जागा चालत नाही. घरोघर विचारून अंदाजे आकडा टाका."

"बरं, तुमच्यापासून सुरुवात करू," रोझेंडाने वही उघडली. "सांगा, तुमच्या बागेत किती आहेत?"

वेल्सिनने पेन्सिल उचलली, खाली ठेवली, आणि समोरच्या चाफ्याच्या झाडाकडे बघायला लागला. जणू ते झाड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"थोडीशीच आहेत," शेवटी तो पुटपुटला.

"मग लिहू का? वेल्सिन यांची, थोडीशी?"

त्याचे कान लाल झाले. शिकून कितीही मोठा झाला तरी तोही इथलाच. कोनफळ झाडीत लपवून लावायचं, वेल दिसला तर दुसऱ्याने मान वळवून पुढे जायचं, आणि सहा माणसांनी बांबूवर घालून आणलेला कंद जेवणावळीच्या मांडवात आपटला तरी 'लहानसंच आहे' म्हणायचं. दुसऱ्याची कोनफळं मोजणारा माणूस दुसऱ्याच्या चुलीत डोकावणाऱ्यापेक्षा हलका.

"'पुष्कळ' लिहा," वेल्सिन म्हणाला आणि तक्ता घडी करून खिशात घातला. "पण इतिहासात रिकामी जागा ठेवू नका. शेवटचं दीड पान ज्या त्या शाळेने आपल्या वस्तीचं लिहायचंय. तुमचं यायचंय अजून."

तेच तर दीड पान तिच्या घशात अडकलं होतं.

मोठा इतिहास सोपा होता. स्पॅनिश आले आणि भिंत ठेवून गेले, जर्मन आले आणि घंटेचा मनोरा ठेवून गेले, जपानी आले आणि गंजके रणगाडे ठेवून गेले, मग अमेरिकी आले. ते सगळं कचेरीतल्या कागदांत होतं. पण पानलेर वस्ती कोणी वसवली, पहिलं पाऊल कोणाचं पडलं, हे कुठल्याही कागदात नव्हतं. ते एकाच माणसाच्या डोक्यात होतं, आणि तो माणूस म्हणजे रोझेंडाचा मामा.

सगळे त्याला सौमाका म्हणत. ती त्याची पदवी. पदवी मिळालेल्या माणसाला नावाने हाक मारणं म्हणजे त्याच्या डोक्यावरून पाय टाकून जाणं, त्यामुळे त्याचं बाप्तिस्म्याचं नाव चर्चच्या वहीत पडून होतं. आता त्याची छाती खराब झाली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरने फोटो काढून पाहिला आणि हळू आवाजात रोझेंडाशी बोलला. तेव्हापासून तिला रोज वाटत होतं की हा गेला तर त्याच्याबरोबर पानलेरही जाईल. वस्तीतली माणसं राहतील, पण ती इथे का आहेत हे सांगणारं कोणी राहणार नाही.

मामाने आयुष्यभर एकच सांगितलं होतं: माझ्याजवळचं सगळं मी माझ्या भाच्याला देईन. इथे कूळ आईकडून चालतं, त्यामुळे वारस भाचाच, म्हणजे रोझेंडाचा धाकटा भाऊ दामियन. तो बारा वर्षांपूर्वी कॅन्सस सिटीला गेला आणि तिथल्या विमानतळावर सामान चढवायला लागला. दर रविवारी फोन यायचा. दर रविवारी तो 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायचा.

"विचार की मग मामाला," शेजारच्या कानिकीने तिला सल्ला दिला. कानिकी ही त्याचीही पदवीच. कोनफळांत तो मामाचा चाळीस वर्षांचा वैरी, आणि म्हणूनच सगळ्यांत जवळचा मित्र. "विचारशील ते सांगेल तो. फक्त एक लक्षात ठेव. मला त्याने तुमच्या मूळ आजीच्या तीन हकिगती सांगितल्यात. एकीत ती होडीतून आली, एकीत कासवावर बसून आणि तिसरीत ती आलीच नाही, तिचा नवरा आला."

"मग खरी कोणती?"

"मास्तरीण झालीस आणि हे विचारतेस?" कानिकी सगळे उरलेले दात दाखवत हसला. "अगं, सौमाका काय वेडा आहे सरळ सांगायला? सगळं सांगून टाकलं तर जगायचं कशावर?"

हेही तिला ठाऊक होतं. जाणता माणूस एका बैठकीत सगळं देत नाही. सांगताना काही गाळतो, एखादी गोष्ट मुद्दाम फिरवतो. आपल्याजवळचं सगळं देऊन जो मोकळा होतो तो मरणालाही मोकळा सापडतो, असं पानलेरमध्ये शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सगळं द्यायचं ते एकालाच, आणि तेही शेवटी.

तरी ती शनिवारी सकाळी वही घेऊन मामाकडे गेली. तो ओसरीत चटईवर पाठ टेकून बसला होता. बाजूला सकावची, गुंगी आणणाऱ्या पेयाची, मुळं कुटायचा सपाट दगड कोरडा पडला होता. डॉक्टरने सकाव बंद केला होता, आणि मामाच्या मते आजारातला सगळ्यांत वाईट भाग तोच होता.

"आलीस? दामियनचा फोन?"

"उद्या येईल. मामा, मला पुस्तकासाठी दीड पान हवंय. आपल्या वस्तीचं."

"दीडच?" मामाला त्यात अपमान वाटला. "स्पॅनिशांना किती दिलंस?"

"तीन."

"तेरा वर्षं राहिले नाहीत तर तीन पानं! आणि आपण?" तो खोकला. खोकला थांबेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली. मग तो म्हणाला, "लिही. घाई करू नकोस. मी थांबेन तिथे थांब."

आणि त्याने सांगितलं. सकाळचं ऊन ओसरीच्या कडेपासून दगडापर्यंत सरकलं तोवर तो सांगत होता. लिसाउरी नावाची बाई मावळतीकडून, वाऱ्याच्या खालच्या अंगाने, भावाबरोबर होडीतून आली. प्रवाळातली वाट तिला कुठल्या माशाने दाखवली, ती कुठल्या दगडाला टेकून बसली, भाऊ तिला सोडून माघारी का गेला आणि तिने त्याला जाताना काय म्हटलं. मग तिच्या मुलीचं नाव, तिच्या मुलीचं, तिच्या मुलीचं, अशी रोझेंडाच्या आईपर्यंत अकरा नावं. प्रत्येक नाव त्याने दोनदा उच्चारलं. तिने लिहिलं की तो वहीकडे न बघता पुढे जायचा. शेवटी तो पाणी प्यायला.

"झालं," तो म्हणाला. "आता जा. मला झोपायचंय."

घरी येऊन रोझेंडाने कच्चं लिखाण समोर ठेवलं आणि ती मनाशी हसली. मामा, मी पण पानलेरचीच आहे म्हटलं. यात वाकवलेलं काय ते मला ओळखता येतं.

तिला फार शोधावं लागलं नाही. बेटावरच्या कुठल्याही घराण्याला विचारा, ते उगवतीकडून, वाऱ्याच्या वरच्या अंगाने आल्याचं सांगतील. मानाची दिशा तीच. मावळतीकडून, वाऱ्याच्या खालून आलो असं आपल्या तोंडाने कोण सांगेल? ही खास मामाची खोडी. दामियनसाठी खरं राखून ठेवायचं आणि तिला मावळत दाखवायची. याचं तिला थोडं वाईटही वाटलं. चौदा वर्षं त्याचं जेवणखाण, औषधपाणी तीच बघत होती. पण परंपरा ती परंपरा. तिने 'मावळतीकडून' वर काट मारली आणि त्यावर स्वच्छ अक्षरात 'उगवतीकडून' लिहिलं. मामाची खोडी आपण पकडली, याचा आनंद तिला सोमवारपर्यंत पुरला.

पुस्तिका छापून यायला नऊ आठवडे लागले. तेवढ्यात मामा चटईवरून पलंगावर गेला आणि पलंगावरून उठेनासा झाला. खोकी शाळेत आली त्या दुपारी रोझेंडा पहिली प्रत घेऊन थेट त्याच्याकडे गेली. कानिकी उशाशी पंख्याने माश्या हाकलत बसला होता.

"वाच," मामा म्हणाला. "शेवटचं वाच. स्पॅनिश नकोत."

ती वाचायला लागली. "'पानलेर वस्तीची मूळ आजी लिसाउरी ही उगवतीकडून, वाऱ्याच्या वरच्या अंगाने...'"

मामाने डोळे उघडले. "कुठून?"

"उगवतीकडून."

"मी काय सांगितलं होतं?"

"मावळतीकडून," रोझेंडा म्हणाली आणि न राहवून हसली. "मी ओळखलं ना, मामा! एवढं तर मलाही कळतं. तू वाकवलंस, मी सरळ केलं."

मामाचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं. कानिकीने पंखा टाकून त्याला उठवून बसवलं आणि म्हणाला, "पोरी, काय मारतेस का याला?"

"कानिकी," मामा धापा टाकत म्हणाला, "ऐकलंस? जन्मात एकदा सरळ बोललो, आणि हिने वाकडं करून छापलं!"

रोझेंडाच्या हातातली पुस्तिका खाली आली.

"रोझेंडा, कोनफळाचं बेणं लावताना त्याचा डोळा कुठे करतेस?" मामाने विचारलं.

"मावळतीला."

"का?"

"का म्हणजे? तू तसंच शिकवलंस."

"मला माझ्या आईने शिकवलं, तिला तिच्या आईने, थेट लिसाउरीपर्यंत. आता याला विचार."

"आम्ही कसंही लावतो," कानिकी सावकाश म्हणाला. त्याने ही गोष्ट कुंपणापलीकडून चाळीस वर्षांत पाहिली असणार, पण पाहिलं असं तो कसं म्हणेल? त्याने पंखा पुन्हा उचलला. "मी बाहेर बसतो जरा," म्हणून तो उठून गेला.

खोलीत दोघंच राहिली. पहिल्यांदा तिला नुसती शरम वाटली. दोनशे प्रती, आणि प्रत्येकीत तिची चूक. मग त्या शरमेच्या खालून भीती वर यायला लागली.

"मामा, तू सगळं सरळ सांगितलंस? त्या दिवशी?"

"सगळं."

"नावं? भावाशी बोललेलं? तो दगड?"

"सगळं म्हटलं ना."

"काहीच ठेवलं नाहीस?"

"कोणासाठी ठेवू? विमानतळावरच्यासाठी?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "चौदा वर्षं माझ्या दाराशी कोण येतंय ते मला दिसतं, पोरी. उशिरा दिसलं, ही माझी चूक."

"पण कोणी सांगितलं होतं तुला सगळं द्यायला!" ती एकदम ओरडली. तिला रडू फुटलं होतं आणि ते तिने लपवलं नाही. "दीड पान मागितलं होतं मी! दीड पानापुरतं द्यायचं! कासवाचं सांगायचं!"

"वही घेऊन कोण बसलं होतं?"

"मग परत घे. आत्ता काहीतरी चुकवून सांग."

"तू चुकवलंस की," मामा म्हणाला आणि पुन्हा हसला, या वेळी खोकला न येता. "मी शिकवलंही नव्हतं. आपसूक केलंस. मी उगाच काळजी करत होतो."

ती पलंगाच्या कडेवर बसली. हा माणूस आपल्याला कधी पुरतं देणार नाही असं तिने इतकं धरून ठेवलं होतं की त्याने ओंजळ भरून दिलं तेव्हाही तिला ती फसवणूक वाटली. चूक मावळतीची नव्हती, ही होती.

"पुस्तकं परत मागवू? दुरुस्तीचा कागद चिकटवते," ती म्हणाली.

"छापलंय ते राहू दे. मुलांना तेवढं पुरे. ज्याला उरलेलं हवं असेल तो विचारत येईल."

मामा त्यानंतर अकरा दिवसांनी, दुपारचं जेवण नको म्हणून सांगितल्यावर गेला.

मांडवात चार दिवस डुकरं, नीरफणस आणि कोनफळं येत होती. कानिकीने सहा माणसांकडून एक कंद आणवला. तसला कंद मांडवात कोणी पाहिला नव्हता. तो खाली ठेवताना बांबू मोडला. "लहानसंच आहे," कानिकी म्हणाला, आणि एवढं बोलून तोंडावर हात धरून भिंतीकडे वळला. हरवायला त्याला आता कोणी उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशीच्या विमानाने दामियन आला. जाड झाला होता आणि बूट घालून चिखलात उतरल्यामुळे आल्या आल्या घसरला. मांडव उठल्यावर त्याने ओसरीत बसून पुस्तिका शेवटपासून वाचली.

"ताई, मामाने तुला सगळं सांगितलं?"

"पुस्तकात आहे ते सांगितलं."

"दीडच पान?"

"दीडच."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं," ती म्हणाली, "इथे येऊन राहणाऱ्याला."

दामियनने मान खाली घातली. परतीचं तिकीट मंगळवारचं होतं.

सोमवारी सकाळी ती दोघं मामाच्या बागेत गेली. मामाने हंगामाआधीच खणून घेतलेले तीन खड्डे पानापाचोळ्याने भरले होते. ते साफ करून रोझेंडाने बेणं काढलं. दामियनने पहिलं उचललं आणि खड्ड्यात जसं पडलं तसं ठेवलं. तिने वाकून ते फिरवलं आणि त्याचा डोळा मावळतीला केला.

"असं का?"

"आपल्याकडे असंच लावतात."

त्याने माती ओढली. मग हात तसेच मातीत ठेवून तो पाण्याकडे, प्रवाळाच्या भिंतीवर फुटणाऱ्या पांढऱ्या रेषेकडे बघत राहिला. कितीही जाड झाला तरी पानलेरचाच होता तो.

"ताई, पुस्तकात उगवतीकडून लिहिलंय."

"हो."

"छापून आलंय."

"हो ना. दोनशे प्रती."

दुसरं बेणं त्याने स्वतःच मावळतीला तोंड करून ठेवलं, आणि तिसरंही. माती दाबून झाल्यावर गुडघ्यावर हात टेकत तो उठला.

"पुढच्या लावणीला येतो. खरंच येतो."

"ये," रोझेंडा म्हणाली. "तोवर मी कोणाला सगळं सांगत नाही."